नग, नापास, शेरा

कळव्याच्या बल्ब-कारखान्यातून बाबांनी
एक जाड वही घरी आणली होती,
तीन रकान्यांची : नग, नापास, शेरा.
तिच्यात बल्ब कधीच उतरले नाहीत.
उतरल्या त्या मॅचेस, हॉलंड आणि जर्मनी.

कारखान्याचे मालक डच, म्हणून बाबा हॉलंडचे.
रस्त्यापलीकडे स्विचगियर बनायचे, मालक जर्मन,
तिथे फिटर होते बाळाराम मढवी,
खारीगावात आमच्या भिंतीला भिंत.
पगार दोघांचाही रुपयांतच यायचा,
पण खाल्ल्या मिठाला जागायचं म्हणजे जागायचं.

पहिली नोंद बाबांच्या जन्माच्याही आधीची,
कुठल्याशा जुन्या अंकातून उतरवलेली :
एकोणीसशे दहा, आर्नेम, चार-दोन.
शेरा : आमचेच.

चौऱ्याहत्तर, म्युनिक.
जर्मनांपैकी चेंडूला पहिल्यांदा शिवला तो गोलकीपर,
जाळ्यातून चेंडू काढताना.
बाबा हे असं सांगत
की मॅच तिथेच संपली असं वाटावं.
पुढचे दोन गोल मढवीकाका सांगत
कुंपणावरून, राखुंडीने दात घासता घासता.
शेरा : सुरुवात झकास. नंतर फिलामेंट गेली.

अठ्ठ्याहत्तर, दोन-दोन.
शेरा : फेरतपासणी.

एकदा नवी लाइन बसवायला हेंड्रिकसाहेब आले,
आमच्याकडे जेवले, ओले बोंबील, घामाघूम.
बाबांनी विचारलं, एवढा राग कशाचा हो तुमचा?
साहेबांनी काटा ताटाच्या कडेला ठेवला.
म्हणाले, युद्धात ते आमच्या सायकली घेऊन गेले.
माझ्या आजीचीसुद्धा.
बाबा खिडकीतून बाहेर बघत राहिले.
आमची सायकल तेव्हा मढवींच्या पडवीत होती,
पंक्चर काढून देतो म्हणून नेलेली,
तीन महिने झाले होते.

अठ्ठ्याऐंशी, हॅम्बर्ग.
जिंकल्याची बातमी पेपरात चार ओळींची,
खत-दुकानाच्या जाहिरातीखाली.
बाबांनी पावशेर पेढे आणले.
काकूंनी दोन घेतले, काका न्हाणीतून बाहेरच येईनात.
शेरा : माल पास.

नव्वद, मिलान. ही मात्र डोळ्यांनी पाहिली,
मढवींच्याच टीव्हीवर, कारण रंगीत त्यांचा.
एकजण दुसऱ्याच्या कुरळ्या केसांत थुंकला,
पंचांनी दोघांनाही बाहेर काढलं.
आई म्हणाली, एवढ्या लांब जाऊन हेच करायचं होतं?
जर्मनी दोन, हॉलंड एक.
शेऱ्याच्या जागी फक्त चहाचा डाग.

ब्याण्णव, तीन-एक.
तोवर कारखान्याचं एक शेड बंद होतं,
स्वेच्छानिवृत्तीची पाकिटं घरोघर पोचली होती,
स्वेच्छा कुणाची ते कुणी विचारत नव्हतं.
शेरा पेन्सिलने : आम्ही जिंकलो.
आम्ही म्हणजे कोण, ते लिहिलेलं नाही.

बाबा गेले तेव्हा फंडाचे कागद सापडले,
रेशनकार्ड, चष्म्याच्या दोन काड्या सापडल्या.
वही नाही सापडली.
कारखान्याच्या जागी आता बावीस मजले आहेत,
मी रात्री तिथले दिवे बघते
आणि नापास किती ते उगाच मोजते.

परवा मढवीकाका आले, चौऱ्याऐंशी वर्षांचे,
जिना चढून, दुधाच्या पिशवीत वही घेऊन.
"तुझ्या बापानंच दिल्ती, जायच्या आधी.
म्हणला, खाडा नको."

दुसरं अक्षर. फिटरचं, ठोकून बसवल्यासारखं.
दोन हजार चार, एक-एक.
बारा, जर्मनी दोन-एक. शेरा : केणी, माफ कर.
अठरा, ॲमस्टरडॅम, हॉलंड तीन-शून्य,
स्वतःचा पराभव पट्टी लावून अधोरेखित.
एकोणीस, पुन्हा हॅम्बर्ग, हॉलंड चार-दोन.
शेरा : तुमचेच.

मला काही बोलायला सुचेना,
म्हणून सायकलचं विचारलं.
काका बराच वेळ पारसिकच्या डोंगराकडे बघत बसले.
मग म्हणाले,
"पंक्चर काढायचं राहिलंय अजून."